वळायची जागा

सून म्हणून बोटीवर आली त्याच आठवड्यात व्हिनीचा एक शब्द चुकला, आणि सासऱ्यानं तो तिला जन्मभर पुरवला.

व्हिनी काठावरची. बोटवाल्यांच्या लेखी जगात जाती दोनच, पाण्यावरचे आणि काठावरचे. व्हिनीचा बाप बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा, घर एका जागी आणि शाळा जवळ, म्हणून पोरीला वाचता येत होतं. ऑक्सफर्डच्या कालव्यावर एका ठिकाणी काठ आत खरवडून पाण्याची मोठी बगल केलेली होती आणि तिथं कंपनीची गंजकी पाटी होती. सुनेनं हौसेनं वाचलं, "वाइंडिंग होल."

म्हाताऱ्या जेबेझच्या नाकातून चहा आला.

"वाइंडिंग? ते तुमच्या काठावरच्या घड्याळांना करा, बाई! किल्ली देतात ते वाइंडिंग. हे विंडिंग. विंड! वारा, वारा!"

आता यात सुनेचा काय गुन्हा? आपण 'जरा' लिहिलं तर थोडंसं असाही अर्थ होतो आणि म्हातारपण असाही. अक्षरं तीच, जीभ कुठं टेकवायची ते ज्याचं त्यानं ओळखायचं. इंग्रजांचं 'विंड' तसंच. असं म्हटलं तर वारा, 'वाइंड' म्हटलं तर वळणं. आपल्याकडं रस्ता वळतो, दोर वळतात, मुठी वळतात, तसलं वळणं. आणि त्या बगलेत काम वळण्याचंच चालायचं. बोट सत्तर फूट लांब, कालवा तिच्या निम्म्यानंही रुंद नाही. चुकून पुढं गेलात तर मागं फिरायची सोय नाही. मैलोगणती पुढंच जायचं, बगल येईपर्यंत. तिथं बोटीचं नाक आत खुपसायचं आणि शेपूट फिरवून घ्यायची.

"शेपूट फिरवतो कोण? वारा!" जेबेझ म्हणायचा. "इंजिनं नव्हती, घोडा बोट ओढायचा, तेव्हा माझा आजा इथं वाऱ्याची वाट बघत पाईप ओढत बसायचा. वारा नाही तर वळण नाही. म्हणून विंडिंग."

बोटवाल्यांच्या मिशनचा पाद्री एकदा चहाला आला तेव्हा त्यानं तोंड घातलं. म्हणाला, वळण्याचा शब्द फार जुना आहे, 'वेंड' त्याच्याच घरातला, 'वाँडर' म्हणजे भटकणं तेही. इतकंच काय, रोज आपण 'वेंट' म्हणतो, गेला म्हणतो, तो या 'वेंड'चाच लेक. मग बगलेचं नाव वाऱ्यावरून कशावरून?

"पाद्रीबुवा," जेबेझ म्हणाला, "तुम्ही कधी बोट वळवलीय? नाही ना? मग स्वर्गाचं बघा."

खरं कुणाचं ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही. व्हिनीला मात्र 'वाइंडी' हे नाव चिकटलं. कालवाभर.

नावाचं तिला काही वाटत नव्हतं. वाटायचं ते केबिनचं. बोटीत सगळा कोळसा, आणि माणसांना मागच्या टोकाला दहा फुटांची खोली, रुंदी सातसुद्धा नाही. तिथंच चूल, तिथंच खाट, तिथंच शोभेचे पितळी गोळे घासायचे नि तिथंच बाळंत व्हायचं. कूस बदलायची तर नवऱ्याला उठवावं लागे. थोरामोठ्यांना ही रंगीत केबिनं फार गोड वाटतात. बघून घरी जायला मिळतं ना, म्हणून. पोरगी रोझी आठ वर्षांची झाली तरी तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. शाळा म्हणजे जिथं माल उतरायला उशीर होईल तिथं एक दिवस, शेवटच्या बाकावर.

म्हणून व्हिनीनं गावच्या कौन्सिलकडं घर मागितलं. कालव्याजवळच नवी चाळ उठत होती, खाली दोन खोल्या, वर दोन, नळ आत. चार वर्षं ती त्या कचेरीत खेटे घालत होती. शेवटी घर लागलं. एनॉकनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मान डोलावली. त्याला बोलायची सवय नव्हती. मान डोलावली म्हणजे हो, असं ती धरून चालली. पुढच्या आठवड्यात परतताना थांबून किल्ली घ्यायची असं ठरलं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, जाताना, दोन्ही बोटी कोळशानं भरून चालल्या होत्या. पुढं इंजिनाची, तिच्यावर एनॉक. मागं दोरानं बांधलेली बिनइंजिनाची, तिच्या सुकाणूवर व्हिनी, आणि पुढच्या टोकाला पाईप ओढत म्हातारा. गाव मागं पडलं होतं. पुढच्या पाणदारावर, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट पुढं सोडतात त्या लॉकवर, रखवालदाराची बायको एप्रनला ओले हात पुसतच धावत आली.

"अगं व्हिनी, तू इथं काय करतेयस? किल्ल्या आजच वाटतायत! चारपर्यंत नवराबायको दोघं नाही आलात तर घर दुसऱ्याला. माझी बहीण आत्ता तिथनंच आली."

"चल, चालत जाऊ," व्हिनी एनॉकला म्हणाली. "तीन मैल तर आहे."

"भरलेली जोडी दारात उभी करून? मागं रांग लागेल." एनॉकनं टोपी मागं सरकवली. "पुढच्या विंडिंगला वळवतो की. बोटीनंच जाऊ. सामान उतरवायलाही बरं."

व्हिनीनं त्याचा गाल धरून मुका घेतला, सासऱ्यादेखत. वीस वर्षांत एनॉकनं कधी बोट अडकवली नव्हती. सगळा कालवा त्याचं नाव काढायचा.

बगल आली. मागची बोट काठाला बांधली. एनॉकनं इंजिनाची बोट आडवी घातली आणि नाक बगलेत शिरवलं. आता इंजिन मंद करायचं, हे रोझीलाही ठाऊक होतं. पण इंजिनाची धडधड वाढली. नाक बगलेच्या डाव्या कोपऱ्यात, जिथं गाळ साचून बदकं उभी राहतात तिथं, खसकन घुसलं. शेपूट समोरच्या काठाला जाऊन बसली. कालव्याला अडसर लागला.

बांबूनं रेटलं, दोर लावून ओढलं. बोट ढिम्म. इकडून दोन जोड्या येऊन थांबल्या, तिकडून एक. त्यातल्या एकीवरची सुकी बॉसवर्थ कमरेवर हात ठेवून ओरडली,

"काय रे एनॉक, दार लावून घेतलंस होय? कडी काढ की, आम्ही घरचेच आहोत!"

"वाऱ्यानं घेतली, सुके," एनॉक म्हणाला. "वारा भलतीकडून आला."

बोटवाल्यांत ही सबब चालते. वाऱ्यापुढं कुणाचं काही चालत नाही. माणसं हो-हो करत दोर सोडायला लागली. जेबेझ मात्र जागचा हलला नाही. त्याच्या पाईपचा धूर सरळ वर चालला होता, सुतात ओवल्यासारखा. त्यानं हाताचं बोट तोंडात घालून ओलं केलं, वर धरलं, फिरवून चारी दिशांना धरलं.

"एनॉक," तो म्हणाला, "कुठला वारा?"

बगलेतलं पाणी ताटासारखं पडलेलं.

व्हिनीनं नवऱ्याकडं बघितलं. मग धूर बघितला. ती हळूच म्हणाली, "उतर. अजून वेळ आहे. चालत जाऊ."

एनॉक केबिनच्या छपरावर बसला. "मला नाही जमायचं, व्हिनी. पाय मोडला तेव्हा इस्पितळात होतो ना, एक रात्र डोळा लागला नाही. भिंती हलतच नाहीत गं. घर एका जागी उभं राहतं आणि माणसाकडं बघत बसतं."

"आणि इथं मला श्वास येतो? दहा फुटांत?"

"नाही येत. दिसतं मला."

"मग तोंडानं नाही म्हणायचं होतंस! चार वर्षं मान कशाला डोलावलीस, नंदीबैलासारखी?"

"तुला नाही म्हणायची छाती नव्हती."

"जा रे गाढवा," म्हातारा खेकसला. "नाव लावून ये, आणि झोपायला बोटीवर ये. बोट मी काढतो."

एनॉक उठला नाही. हे सुकीनंही बघितलं. रोझीला तिनं आपल्या बोटीवर घेतलं.

व्हिनी एकटीच चालत गेली. निम्मी वाट तर ती पळतच होती. कचेरीत किल्ल्यांच्या टेबलाशी बसलेला बाबू माणूस बरा होता. त्यानं तिला खुर्ची दिली.

"मालक कुठायत?"

"बोट अडकलीय."

"असं होय. मग सोमवारपर्यंत मी घर धरून ठेवतो. घेऊन या त्यांना. येतील ना?"

व्हिनीला खोटं बोलता आलं असतं. ओढून आणूनही सही करवता आली असती, नवरा मऊ होता. पण आपणच मेंढरासारखा ओढत आणलेला तो चार भिंतींत रात्रभर जागा बसलेला तिला आत्ताच दिसायला लागला.

"माझ्या नावावर द्या," ती म्हणाली.

"नवरा जिवंत असताना? तशी पद्धत नाही, बाई."

"पद्धत कुणी पाडली? मी नाही पाडली."

बाबू कानकोंडा झाला. पण किल्ली त्यानं उचलून खणात टाकली.

ती परतली तोवर बोट सुटली होती. सगळ्यांनी मिळून ती पुन्हा सरळ, जायच्याच दिशेला लावून ठेवली होती. कोळसा तिकडंच उतरायचा होता. एनॉकनं चहा करून झाकून ठेवला होता. "दिलं?" त्यानं विचारलं. तिनं चहा पाण्यात ओतला. रोझी सुकीकडून उड्या मारत आली. म्हाताऱ्यानं सुनेला सुकाणूपाशी जायला वाट करून दिली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला 'वाइंडी' न म्हणता 'व्हिनी' म्हणून हाक मारली. तिनं ओ दिली नाही.

पुढं इंजिन धडधडलं. दोर पाण्यातून वर आला, ताणला, आणि मागची बोट हळूहळू पुढचीच्या मागं निघाली.