बॅगेवरची पट्टी

माझा चुलतभाऊ हळदीच्या कंपनीत आहे. महिन्यातून दोनदा तो विमानानं दिल्लीला जातो. विमानतळावर बॅगेच्या मुठीला चिकटवलेली, दिल्लीचं नाव छापलेली पांढरी पट्टी तो कधीच काढत नाही, लग्नकार्यातसुद्धा ती लोंबतच असते. सरळ सांगतो, ती दिसली की माझा जळफळाट होतो.

आमच्या तांड्याला एसटी मिळावी म्हणून मी कनेरगाव नाक्यावर पत्रकं वाटत होतो. तो ढाब्यावर चहा पीत होता.

"लई तकलीफ झाली लेका. विमान दोन तास लेट. मग त्यांनी जेवण दिलं, माफी मागितली."

"आमी इथं रोज दोन तास उभे राहतो, दादा. आमची माफी कोण मागून राहिलं?"

"तू जळून राहिला."

"व्हय, जळतो!"

हसत त्यानं पट्टी काढली आणि माझ्या पत्रकांच्या पिशवीला चिकटवली. "घे, झाला साहेब!"

दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन मी आगारात गेलो. वर्षभर मला दारात उभं ठेवणाऱ्या साहेबांची नजर पट्टीवर गेली.

"दिल्लीहून आलात? बसा ना."

तांड्यावरून आलो, असं ठणकावून सांगायला हवं होतं. मी गुमान बसलो. पहिल्यांदाच त्यांनी माझा एसटीचा अर्ज पूर्ण वाचला.

सोमवारी एसटी आली. मी ही गंमत भावाला सांगितली, तिथंच चुकलं. आता तो तांडाभर सांगत फिरतो, "माझ्या पट्टीनं गाडी आणली." आणि लोक त्यालाच चहा पाजतात.