डब्याच्या तळाचं भोक

माझ्या गच्चीवर लोखंडी पाइपाला बांधलेला एक करडा डबा आहे. पुरात तो बंद पडला आणि मी तो दुरुस्त केला, असं आमच्या जिल्ह्यातले हौशी रेडिओवाले समजत होते. मीच त्यांना तसं समजू दिलं. खरं म्हणजे डबा मी बिघडवला होता आणि नाव खराब झालं ते बनवणाऱ्याचं. आता वय झालं. जे झालं ते सरळ लिहून ठेवतो.

बनवणारे उचगावचे. पाण्याच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करतात, म्हणजे आतली तार नव्यानं भरतात. त्यांना आम्ही मिस्त्री म्हणतो. मी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होतो, म्हणून मी मास्तर. शिकवलं कुणालाच नाही.

माझी अँटेना म्हणजे गच्चीवरून शेजारच्या नारळापर्यंत ताणलेली तार, मधोमध तोडलेली. तिथून दोन समांतर तारा खाली उतरतात, मधे प्लास्टिकच्या पट्ट्या, दिसायला दोराच्या शिडीसारख्या. या दोन्ही तारांना अगदी सारखी वागणूक द्यावी लागते. पूर्वी ही शिडी मी खिडकीतून खोलीत, टेबलावरच्या ट्यूनरपर्यंत आणली होती; अँटेना आणि रेडिओ सेट यांची जुळणी हा ट्यूनर करतो. एक तार खिडकीच्या गजांना जवळ, दुसरी लांब, आणि तोल गेला. माइकला ओठ टेकले की चटका बसायचा. बायको वैतागायची, "तुम्ही बोलायला लागलासा की टीव्हीतली बाईबी घोगरं बोलाय लागती!"

मिस्त्री एकदा येऊन बघून गेले. म्हणाले, "ट्यूनर घरात कशाला आणताय? शिडी जिथं उतरती तिथंच बसवू की त्याला. घरात नुसतं बटण ठेवा."

त्यांनी तो महिनाभर खपून बनवला. दोन्ही तारांसाठी सारखी वेटोळी, हातानं गुंडाळलेली. आत रिले, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारे खटके. खोलीत बटण दाबलं की गच्चीवर टकटक टकटक वाजायचं, योग्य जोडी जुळली की थांबायचं आणि हिरवा दिवा लागायचा. डब्याच्या तळाला मिस्त्रींनी काडी जाईल एवढं भोक पाडलं आणि त्याला बारीक जाळी लावली.

"हे कशाला?"

"डब्याला आतनं घाम येतोय मास्तर. दिसभर तापतोय, संध्याकाळी गार पडतोय. घाम खाली गळाय नको व्हय?"

मी मान हलवली. पण पुढच्या उन्हाळ्यात जाळी सुटली आणि कुंभारमाशीनं भोकाच्या तोंडाशी चिखलाचं घर केलं. ते मी खरवडलं, परत माशी नको म्हणून भोकाला एपॉक्सी पुट्टी लावली आणि अंगठ्यानं दाबली. मिस्त्रींना विचारलं नाही. मोटार भरणाऱ्या माणसापेक्षा मला जास्त कळतं, असं तेव्हा मनात होतं. हे लिहायला जड जातंय, पण होतं.

त्याच पावसाळ्यात शिरोळकडं पाणी चढलं. तिकडचे मोबाइल बंद पडले. आमच्यातला एक जण तिथल्या शाळेतून बॅटरीवर बोलत होता: कुठल्या मळ्यात माणसं अडकलीत, कुणाला कसली गोळी लागते. मी ते लिहून घ्यायचो आणि घरच्या फोनवरून पुढं कळवायचो. दुसऱ्या दिवशी दुपारी बटण दाबलं तर टकटक आली नाही. परत दाबलं. काही नाही. जुळणी होईना म्हणून सेटनं आपली ताकद आपणच कमी केली, माझा आवाज गल्लीबाहेरही गेला नसेल. ऐकू मात्र येत होतं. पाऊण तास तो मला हाका मारत होता, "मास्तर, ऐकताय का? मास्तर?" मग साताऱ्याच्या एकानं त्याला उत्तर दिलं आणि काम पुढं सुरू झालं.

पूर ओसरल्यावर आमची बैठक झाली. मी मधेच गप्प का झालो, असं कुणीतरी विचारलं. मी म्हणालो, "डब्यात पाणी शिरलं. मिस्त्रींचं काम."

मिस्त्री समोरच भजी खात बसले होते. "पाणी शिरनारच न्हाय," ते म्हणाले. "उघडून बघितलासा काय?"

"बघितलं," मी म्हणालो.

बघितलं नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली आणि उठून गेले.

चार दिवसांनी डबा उघडला. आत दोन बोटं पाणी साचलं होतं. झाकणाचा रबर कोरडा ठणठणीत होता. वरून थेंब आला नव्हता. आतला घाम साचून वर चढला होता, रिलेपर्यंत. तळाला माझी पुट्टी आणि तिच्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. पुट्टी फोडली, डबा उन्हात वाळवला, दोन रिले बदलले. लागलीच चालू झाला. रेडिओवर सगळ्यांनी शाबासकी दिली. ती मी घेतली.

मिस्त्रींनी आणखी दोघांना असे डबे करून दिले होते. त्या दोघांनी ते काढून ठेवले. मिस्त्री पुन्हा कधी रेडिओवर आले नाहीत. त्यांचा डबा मात्र मी रोज वापरत होतो.

गेल्या महिन्यात तोच शिरोळचा माणूस रविवारच्या सकाळच्या गप्पांत म्हणाला, की त्यालाही गच्चीवर असा ट्यूनर बसवायचाय, कुणाकडून करून घेऊ? लगेच एकानं सांगितलं, "उचगावला जाऊ नका. त्यांच्या डब्यात पाणी शिरतं." मी ऐकत होतो. माइकच्या बटणावर बोट होतं, दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी उचगावला गेलो. मिस्त्री हातयंत्रावर तार गुंडाळत होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "या पावणं."

पावणं अनोळखी माणसाला म्हणतात. मी उभाच राहिलो.

"मिस्त्री, त्या डब्याचं भोक मी..."

"थांबा. आटे मोजतोय."

थांबलो. बराच वेळ लागला. तार कापून झाल्यावर त्यांनी मान वर केली. मी सगळं सांगितलं. पुट्टी, अंगठा, न बघता बघितलं म्हणालो ते.

"मग मला कशाला सांगताय? मी काय माझ्या डब्यावर संशय घेतलतो व्हय?"

"माफी मागायला आलो."

"ज्यांच्यापुढं बोललासा, त्यास्नी सांगा की. हितं ह्या मोटारीला सांगून काय उपेग?" त्यांनी पुढची मोटार ओढून घेतली. चहा विचारला नाही. मीही वाट बघितली नाही.

रविवारी सकाळी बटण दाबलं. टकटक झाली, हिरवा दिवा लागला. माझी पाळी आल्यावर कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं. संपवलं आणि ऐकत बसलो. नुसती खरखर. मग शिरोळवाला म्हणाला, "मास्तर, डब्यात पाणी साचलं होतं, इथवर कळलं. चूक कुणाची, ते खरखरीत गेलं. परत सांगा."

मी कागद बाजूला ठेवला आणि परत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. भोक मी बुजवलं. डबा न उघडता खोटं बोललो. मिस्त्रींच्या कामात खोट नव्हती.

 शिरोळवाला म्हणाला, "आता कळलं. त्या दिवशी मी तुम्हाला हाका मारत होतो."

"ऐकत होतो," मी म्हणालो.

"मग डबा मिस्त्रींकडूनच करून घेऊ म्हणता?"

"घ्या. करतील का नाही, ते त्यांनाच विचारा. माझं नाव सांगू नका."