गाऱ्हाण्याचे शब्द

मी तापट आहे, गोव्यात आमच्या डिचोली तालुक्यात कुणालाही विचारा. आमचं हायस्कूल माझ्या हाती आलं तेव्हा अकरावी-बारावीचे वर्ग ओस पडलेले. खाणी बंद, बापांचे ट्रक अंगणात गंजलेले, आणि मुलगे बारावीची वाट न बघता मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या गेस्ट हाउसांत चादरी बदलायला निघून जात. मुलं नसतील तर वर्ग बंद, असं वरून सांगून झालं होतं. शिक्षक स्टाफरूममध्ये बसून पुढे आपलं काय याची चर्चा करत. एकदा मी टेबलावर हात आपटला. "चर्चा डोंबलाची! उठा, घरोघर चला."

सर्वण गावात दारोदार फिरलो. सगळीकडे एकच प्रश्न, शिकून नोकरी कोण देणार? चौथ्या-पाचव्या घरात माझं डोकं फिरलं आणि मी बोलून गेले, "मी देते!" झालं. तो शब्द गावभर झाला.

मग औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांचे उंबरे झिजवले. औषधांच्या एका कंपनीनं बारावी झालेल्या मुली पॅकिंगला घ्यायचं कबूल केलं, पण किमान दहा हव्यात. दहा असतील तरच कंपनीची बस आमच्या गेटवरून वळणार. आणि बस नाही तर कुठलेही आईबाप मुलीला पाळीच्या कामाला पाठवणार नाहीत, हे मला न सांगता कळत होतं. मुली तयार झाल्या नऊ.

दहावी मुलगी कोण, तेही मला माहीत होतं. सर्वणचीच, वर्गात पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. मैदानावर कुणाचं ढोपर फुटलं की ही पट्टी घेऊन हजर. नर्सिंगचा अर्ज भरून तिनं माझ्याकडे सहीला दिला होता, आणि मी तो "बघू हं" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

मी तिच्या आईला गाठलं. ती बाजारात भाजी घेऊन बसायची. म्हणाली, "टीचर, देवाक विचारल्याशिवाय मी काय करूची नाय." यात नवल काही नाही. आमच्याकडे लग्न असो, विहीर असो, कौल घेतल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. पुजारी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतो, आपलं गाऱ्हाणं, म्हणजे आपला प्रश्न, देवाला सांगतो, आणि उजवी पाकळी पडली की होकार.

देवळात तिनं मलाच विचारलं, "गाऱ्हाणं काय घालू, टीचर?"

जन्मभर मराठी शिकवलंय मी. प्रश्न कसा विचारला की काय उत्तर येतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. मी म्हटलं, "विचारा, मुलीला गावच्या मुलींबरोबर कंपनीत पाठवू काय?" नर्सिंगचा उल्लेख मी गाळला. चुकून नाही, मुद्दाम गाळला. मुलगी खांबाला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, पण देवासमोर आणि टीचरसमोर ती काय बोलणार?

उजवी पाकळी लगेच पडली. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी मला स्वतःची शिसारी आली.

बस सुरू झाली. शाळा तरली, इतकी की बेळगाव-कोल्हापूरकडच्या कामगारांची मुलं आली, पेडण्याहूनही विचारणा येऊ लागली. आता प्रवेशाला जागा नसते. नोकरी देणारी शाळा म्हणतात! आणि बस टिकवायची तर दर वर्षी नव्या दहा मुली हव्यात, म्हणून निकाल लागला की मी पुन्हा शोधायला निघते. निवृत्तीचं वय झालं, तरी संस्थेनं सोडलं नाही, पालक घरी येऊन बसले. टीचर गेल्या तर बस जाईल म्हणे. मी ह्या शाळेत अशी अडकलेय की सुटायचं कसं तेच कळत नाही. रोज सकाळी बस गेटवर थांबते. खिडकीशी ती सर्वणची मुलगी बसलेली असते, मांडीवर डबा घेऊन. मी त्या वेळी मुद्दाम हॉलमध्ये प्रार्थनेची तयारी बघत राहते.

यंदा यादी पुन्हा नऊवर अडली. आणि एका सकाळी तीच आई ऑफिसात आली, धाकटीला घेऊन. धाकटीची बारावी झालेली. "टीचर, कौल लावूया. गाऱ्हाणं काय घालू?"

माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. खोटं कशाला बोलू, तेच जुने शब्द जिभेवर आले होते.

तेवढ्यात थोरली आत आली. कंपनीचा गणवेश, केस जाळीत बांधलेले. बस गेटवर थांबवून आली होती. आवाज अजिबात न चढवता तिनं विचारलं, "टीचर, त्या दिवशी देवाला नर्सिंगचं विचारलंच नव्हतं ना?"

एरवी कुणी एक बोललं तर मी चार ऐकवते. त्या सकाळी एवढंच म्हणाले, "नाही गं."

ती आईकडे वळली. "आई, ऐकलंस? देवानं मला नको म्हटलंच नव्हतं."

आई खुर्चीवर बसली. धाकटी कधी बहिणीकडे, कधी माझ्याकडे बघत होती. मी ड्रॉवर उघडला. अर्ज तिथेच होता, थोरलीच्या अक्षरातला, माझ्या सहीची जागा कोरी.

बाहेर बसनं हॉर्न दिला. "उशीर होतोय, टीचर," ती म्हणाली आणि पाळीला गेली.