तळ्यात शिरलेलं गटार

कामतघरच्या उतारावर आमचं एक तळं होतं. सासऱ्यांनी राखलेलं. ते गेल्यावर तिथं रोहू-कटला मासा वाढवायचं काम माझ्याकडे आलं, कारण नवरा लूमवर, कापडाच्या मागावर, ड्युटीला. मासे काढायला तो हात लावायचा, बाजारात विकायला मी बसायची.

ऐंशीच्या दशकात वरच्या अंगाला चाळीमागून चाळी उठल्या. त्यांच्या संडासांचं पाणी वाट काढत खाली आलं आणि तळ्यात शिरलं. आधी आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. मासा झपाझप वाढत होता. नवरा म्हणायचा, "फुकटचा चारा हाय तो. येऊ दे."

मग एकदा माझं नेहमीचं गिऱ्हाईक, एक कोकणी मुसलमान बाई, बाजारात समोर येऊन बसली. भांडली नाही. हळूच म्हणाली, "बाय, कालचा मासा तीनदा धुतला, लिंबू चोळलं. तरी गटाराचा वास जाईना. पोरांनी ताटं सरकवली." 

दुसऱ्या दिवशी उजाडताच तळ्यावर गेले. मासे पाण्याबाहेर तोंडं काढून धापा टाकत होते. एक धरून बघितला, तर अंगावर तांबडे चट्टे, शेपटी झडलेली. मासळीखात्यातल्या साहेबांना नेऊन दाखवला. ते म्हणाले, "घाणीमुळे पाण्यातला प्राणवायू संपतो. मासा गुदमरून दुबळा होतो, मग रोग धरतो. आणि यातले जंतू मासा कापणाऱ्याच्या हाताला लागतात. नीट शिजला नाही तर खाणाऱ्याच्या पोटात जातात."

त्याच आठवड्यात एक व्यापारी आला. सगळा मासा उचलतो म्हणाला. "मुंबईत कोण विचारतंय कुठल्या तळ्यातला ते?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "जो मासा मी माझ्या पोरांना वाढणार न्हाय, तो दुसऱ्याच्या ताटात जायचा न्हाय."

"मग आपण खायचं काय?" तो चिडून म्हणाला.

"तुमची ड्युटी हाय ना? तळं साफ होईस्तवर त्यावर भागवू."

 तिसऱ्या दिवशी स्वतःच कुदळ घेऊन खड्डा खणायला लागला. सगळा मासा चुना टाकून पुरला. माती लोटताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबवला नाही.

मग मी चाळीत गेले. तिथली माणसं म्हणाली, "हमारा पानी कहाँ जाएगा?" प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "तळ्याला वळसा घालून चर काढू. तुमच्या दारातली घाणही हटेल." शुक्रवारी लूम बंद असायचे. तेव्हा चाळीतले काही जण फावडी घेऊन आले आणि चर खणला गेला. घाण शेवटी खाडीतच गेली, हे मला ठाऊक होतं. तिचा बंदोबस्त करा म्हणून नगरपालिकेत खेटे घातले, अजूनही कुणी बोलावलं तर जाते.

उन्हाळ्यात तळं उपसून गाळ काढला, तळाला ऊन दिलं, चुना टाकला. पावसाचं पाणी भरल्यावर नवं बी, माशांची बारीक पिल्लं, सोडलं. पुढच्या पावसाळ्यात तळ्याचा बांध फुटला, आम्ही परत बांधला. त्यानंतरही दोनदा फुटला. मासा आता हळू वाढायचा. पण बाजारात बसण्याआधी त्यातला एक मी घरी शिजवायची, आणि आम्ही तो जेवलो की मगच पाटी डोक्यावर घ्यायची.