आपकीच है

आमच्या गाडीला घरात सगळे डबा म्हणायचे. दोन दारांची, विजेवर चालणारी, पुढे दोघं बसली की मागे भाजीची पिशवी तेवढी मावायची. विजेच्या गाड्यांचं कौतुक सुरू होण्याच्या कितीतरी आधी वडिलांनी ती घेतली, आणि घेतली ती माझ्यासाठी. पोलिओमुळे माझा डावा पाय कामाचा नाही. या गाडीला क्लचच नव्हता, उजव्या पायावर सगळं भागायचं. सीट बुटकी, कुबडी आत ओढून घेतली की निघाले. नावावर मात्र ती भावाच्या केली. मुलगी उद्या लग्न होऊन जाईल, असा वडिलांचा विचार. मी कुठे गेले नाही, पण कागद तसेच राहिले.

वीसेक वर्षं मी ती चालवली. शाळेत चित्रकला शिकवायला जायचे तीही त्याच गाडीतून. द्वारका चौकात सिग्नलला पिंपळगावच्या द्राक्षांचे टेम्पो शेजारी थांबायचे आणि एखादा ड्रायव्हर वरून वाकून विचारायचा, "ताई, सेल कुठले टाकता हो?" मी म्हणायचे, "तुमच्या टेम्पोचे काढून घेतलेत, घरी जाऊन बघा." तो हसायचा, मीही हसायचे. कुठे चाललीस, असं मला कोणी विचारत नसे. विचारेपर्यंत मी कोपऱ्यावरून वळलेली असायचे. हे सुख काय असतं ते दोन्ही पाय धड असलेल्यांना कळायचं नाही.

भावाचं दिव्यांचं दुकान आहे. गंगापूर धरणाच्या बाजूला एका सिनेमानटानं बंगला बांधला, त्याचे सगळे दिवे आमच्या दुकानातून गेले. त्या ओळखीवर मागच्या वर्षी तो नट आमच्याकडे चहाला आला. वहिनीनं पडदे धुतले, भावानं शर्ट तीनदा बदलला. चहा झाल्यावर त्याला सोडायला आम्ही सगळे खाली उतरलो, तर नट माझ्या गाडीपाशी थबकला.

"अरे, ये तो विंटेज है!"

जुन्या छोट्या विजेच्या गाड्यांचा त्याला म्हणे फार नाद. त्याच्या एका मित्रानं अशीच एक घेऊन आतून मोरपंखी मखमल लावून घेतली होती. माझ्यापेक्षा कितीतरी धाकटी गाडी विंटेज, मग मला काय म्हणायचं, असा विचार मी करत होते. तेवढ्यात भाऊ बोलून गेला, "सर, आपकीच है. ले जाओ."

आता हे आपण सगळेच म्हणतो. पाहुण्याला लोणचं आवडलं, बरणी तुमचीच. घर बरं वाटलं, घर तुमचंच. पाहुण्यानं "छे छे, असू द्या" म्हणायचं आणि चपला घालायच्या. मराठीत बोलला असता तर समोरच्यालाही कदाचित कळलं असतं. भाऊ हिंदीत म्हणाला, आणि त्या हिंदीत फक्त शब्द गेले, रीत इथेच राहिली. नटानं हात जोडले, भावाला मिठी मारली. त्याच आठवड्यात गाडी उचलून न्यायला माणसं आली.

"नाही म्हणून सांग," मी म्हणाले.

"आता कसं सांगू, ताई? एवढा मोठा माणूस. शब्द गेला ना माझा."

"गाडी माझी आहे."

कागदावर सही कोणाची लागते हे दोघांनाही माहीत होतं. मग तो म्हणाला, "दिवाळीत तुला नवी घेऊ." आणि सही केली. ती दिवाळी आली तशी गेली.

काही महिन्यांनी त्यानं कौतुकानं मला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. गाडीची दारं काढून टाकली होती. रंग द्राक्षासारखा जांभळा, सीटला पांढरं चामडं, बॉनेटवर सोनेरी अक्षरांत नटाचं लाडाचं नाव. सीटजवळ कुबडी अडकवायला वडिलांनी एक कडी बसवून घेतली होती. तिच्यात वाइनची बाटली होती. नट हसत सांगत होता की ही आयडिया त्याची स्वतःची. बंगल्याच्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंत गाडी फिरवतो म्हणे, तेवढ्यापुरतीच. मी मोबाइल भावाच्या हातात दिला आणि आत गेले. मला भयंकर राग आला होता. नटाचा नाही, त्याला दिलं ते त्यानं घेतलं. जे आपलं नाही ते देऊन मोठं होणाऱ्या माणसाचा राग आला होता, आणि त्याच्या घरात मी राहते याचाही.

भाऊ वाईट नाही, हीच तर अडचण आहे. "ताई, कुठं जायचं असलं तर सांगत जा, मी सोडतो की," असं तो रोज म्हणतो. त्याच्या उंच गाडीत तो मला काखेत हात घालून चढवतो. शाळा, दवाखाना, बँक, मैत्रिणीचं घर, सगळीकडे सोडतो, घ्यायला येतो. तो नसला तर वहिनी रिक्षा बोलावते, आणि रिक्षावालाही आधी कुठं जायचं तेच विचारतो.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी साडी बदलून, केस विंचरून दाराशी आले. भाऊ लगेच किल्ली घेऊन उठला. "कुठं जायचंय?"

मला कुठेही जायचं नव्हतं. नुसतं बाहेर पडायचं होतं.

"देवळात," मी म्हणाले. त्यानं मला देवळात सोडलं.