हळदीच्या भाकऱ्या

आमची ताय पाणी ओतायची नाही, वाढायची. खारघरच्या आमच्या टॉवरांमागे उरलेल्या गावात ती तांदळाच्या भाकऱ्या करून विकायची. दारात गेलं की, "बाय, पानी वाढू?" तांब्यात उरलेला घोट कढीपत्त्याच्या बुंध्याशी. मी तेव्हा जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच कोवळी. सोसायटीत पाणीबचतीवर भाषण ठोकायचे आणि दमले म्हणून घरी गरम पाण्यात पाय सोडून बसायचे.

तायचा हट्ट एकच. तांदूळ धुवायचे, पंख्याखाली वाळवायचे, मगच दळायचे. "नाय धुतला तं भाकर फाटते." तिचा लेक तिकडे समुद्राकाठी, द्रोणागिरीला कंटेनर चालवतो. एकटी राहू नकोस, इकडे ये, म्हणून मागे लागलेला. ताय म्हणायची, "चूल चालते तवर मी हितंच हाय."

त्या मे महिन्यात गावात एका लग्नाची हळद निघाली. अख्ख्या गावाला मटण-भाकरी, आणि भाकऱ्या तायच्या. नळ कोरडेच होते. बोअरचं मिळालं तेवढं पाणी पिंपात साठवून तिने तांदूळ धुतले, आणि लाईट गेली. गिरण बंद, बोअरचा पंप बंद, पंखाही बंद. त्या चिकट उकाड्यात तांदूळ वाळेनात.

लिफ्टही बंद, म्हणून मी जिने उतरून धापा टाकत पोचले. "ताय, माझ्याकडे मिक्सर आहे!"

"तुजा मिक्सर काय पेट्रोलवर चालतो?"

दुसऱ्या दिवशीही लाईट नाही. तांदळांना आंबूस वास सुटला. पुन्हा धुवायला पिंपात पाणी नव्हतं. ताय हंडा घेऊन दारोदार फिरली. ज्याच्या त्याच्या पिंपाचा तळ दिसत होता. आमच्या टॉवरात तर पाणी वर चढवणारा पंपच ठप्प. संध्याकाळी हळदीवाल्यांनी टेम्पोभर पाव आणले. तायने तांदूळ कोंबड्यांपुढे टाकले. कोंबड्यांनी एकदा चोच मारली आणि बाजूला झाल्या.

पुढच्या हळदींच्या ऑर्डरी पनवेलच्या भाकरी-मशीनवाल्याकडे गेल्या. त्याच्याकडे जनरेटर आहे. "लोकांचं तरी काय चुकलं? पावन्यांना उपाशी ठेवतील?" ताय म्हणाली. चूल थंडावली, आणि लेक तिला न्यायला आला.

परवा फोन केला. "तिकडे पाणी येतं का गं?"

"हाय ना. चारी बाजूंना. खारं."

"आणि भाकऱ्या?"



"लेक पाव आनतो, बाय," ती म्हणाली. "मऊ असतो."