दगडांमधली अंडी

"घोंगडी बाहेर ठेवून या बाबा. एसी हॉल आहे, वास राहतो."

अध्यक्ष साहेबांनी हे माईकवरून सांगितलं. सोलापूरबाहेरचं मंगल कार्यालय. नवरा-नवरीच्या सोनेरी खुर्च्यांवर दोन अधिकारी, मागे फलक: विमानतळ विस्तार, पर्यावरणविषयक जनसुनावणी. लोक हसले. माझे वडील, आबा, सत्तरीचे, उठले. घोंगडी दाराबाहेर चपलांच्या ढिगावर ठेवून आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. मी शेजारीच होते. तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. भरपूर वाचलंय. तेव्हा नुसता फलक वाचत बसले.

त्या माळावर आमची मेंढरं चरतात. माझ्या आजोबांचीही चरायची. धावपट्टी तिथंच लांबवायची होती. सरकारचं धोरण सोपं आहे: जिल्हा तिथं विमान. माळाला ते झेपेल का, हे तपासायला सल्लागार कंपनीचे एक सर पुण्याहून आले होते. दोन दिवस. वाट दाखवायला आबा.

आबांनी हातचं काही राखलं नाही. लांडग्याचं बीळ दाखवलं. टिटवीची अंडी दाखवली, धाविक पक्ष्याचीही दाखवली. ही पाखरं उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, मातीच्याच रंगाची. खुरांखाली जाऊ नयेत म्हणून आमच्यात अंड्यांभोवती तीन दगड मांडतात. ते लांबून दिसले की कळप वळवायचा. आमच्या घरात रांगतं पोरसुद्धा त्या दगडांना हात लावत नाही. सरांनी वाकून फोटो काढले, आबांच्या पाठीवर थाप मारली. आबा आठवडाभर तेच सांगत होते, साहेब लई चांगला माणूस.

आता तोच फोटो सर मंचावरून पडद्यावर दाखवत होते. तीन दगड. अंडी दिसत नव्हती. दिसू नयेत म्हणूनच तर ती तशी असतात. खाली ओळ: मानवी हस्तक्षेपाच्या खुणा. त्याखाली दुसरी: जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आढळले नाहीत.

मी ती ओळ आबांना वाचून दाखवली. ते उठले, माईकपाशी गेले.

"सायेब, त्ये दगड आमीच ठेवल्यात. मधी अंडी हायत की. तुमास्नी बोटानं दावली व्हती."

सर छान हसले. "आजोबा, तुम्ही मेंढरं मोजा. पक्षी आम्ही मोजतो."

हॉल पुन्हा हसला. सगळ्यात मोठ्यानं पहिल्या रांगेतला जमिनीचा दलाल. कुणीतरी आबांच्या हातातून माईक काढून घेतला. ते परत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"चल गं बाय. माजंच चुकलं. दावायलाच नको हुतं."

घोंगडीचं मी गिळलं होतं. हे गिळता आलं नाही. आयुष्यभर पाखरं जपलेला माणूस, ती दाखवली म्हणून स्वतःला गुन्हेगार समजत होता. आणि गुन्हेगार मंचावर पाण्याची बाटली उघडत होता.

अध्यक्ष साहेबांनी सुनावणी संपल्याचं जाहीर केलं, जेवणाची सोय मागच्या बाजूला आहे म्हणाले. मी मंचावर चढले. नियम वाचून आले होते: इतिवृत्त लोकांसमोर वाचून दाखवणं बंधनकारक.

"इतिवृत्त वाचून दाखवा. मराठीत. इथंच."

"मॅडम, जेवण थंड होतंय."

"होऊ द्या."

कारकुनानं वाचायला घेतलं. आबांचं म्हणणं एका ओळीत उरकलं होतं: एका ग्रामस्थाने दगडांबाबत भावना व्यक्त केल्या. मी म्हटलं, भावना खोडा. अंडी लिहा. कुठं होती ते लिहा, कुणी दाखवली ते लिहा, आणि कुणी बघून नाकारली, त्या सरांचं पूर्ण नाव लिहा. कारकून साहेबांकडे बघू लागला. साहेब घड्याळाकडे. जेवायला कुणी उठलं नव्हतं. हसतही नव्हतं. शेवटी कारकुनानं लिहिलं. मी त्याच्या पेनाजवळ उभी राहिले, शेवटच्या अक्षरापर्यंत.

तेवढ्यानं माझं भागलेलं नाही. त्या सरांच्या सहीचे इतर जिल्ह्यांतले अहवाल मी मिळवलेत. ते जाहीरच असतात, फक्त कुणी वाचत नाही. मला वाचायचा कंटाळा नाही. आमच्या माळाची झाडांची यादी कोकणातल्या एका बंदराच्या अहवालातून जशीच्या तशी उतरवली आहे, खारफुटीसकट. सोलापूरला समुद्र आणायचं धोरण अजून जाहीर व्हायचंय. तक्रार दाखल केली आहे. पहिल्या साक्षीदाराचं नाव आबांचं.

लोक म्हणतात, मॅडम पर्यावरणासाठी लढतात. ऐकायला बरं वाटतं. पण खरं सांगते, हा सूड आहे. त्या माणसानं माफी मागितली तरी मी थांबणार नाही. विस्तार रद्द झाला तरी थांबणार नाही. त्याचा एकेक अहवाल ओळीओळीनं उघडा पाडणार. त्याची सही बघितली की सरकारी शिपाईसुद्धा कागद परत करेल, तोवर.